गाडी कुठे आहे, हे थांब्यावरच्या माणसालाही कळू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी थोरली बहीण बेळगावात येळ्ळूर रस्त्यावर माझ्या घराशेजारीच राहते. वय सदुसष्ट. गेली दोन वर्षे आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, तिचे डायलिसिस असते. पाळी सकाळी सातची. रिक्षाने जायचे तर जाऊन-येऊन जे पैसे लागतात ते महिन्याला आठ-नऊ वेळा देणे आम्हाला झेपत नाही, म्हणून जाताना बस आणि येताना रिक्षा असे आम्ही ठरवून घेतले आहे. येताना तिला उभे राहवत नाही.

मागच्या महिन्यातल्या एका मंगळवारी आम्ही दोघे पहाटे पावणेसहालाच थांब्यावर येऊन उभे राहिलो. बारीक पाऊस होता. सहा वाजून पाच मिनिटांची गाडी. थांब्यावर आणखी सातआठ माणसे होती. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांची बुट्टी घेऊन बसलेल्या एक मावशी, थापी पिशवीत गुंडाळलेला गवंडी, शहरातल्या दुकानात कामाला जाणाऱ्या दोन मुली. सहा दहा झाले, सव्वासहा झाले. येणारा प्रत्येक जण एकच विचारत होता, "गाडी गेली काय वो?" आणि आम्ही सगळे एकच उत्तर देत होतो, "नाही की, अजून आली नाही." साडेसहाला त्या मावशींनी बुट्टीवरचे ओले फडके उचलून पाहिले आणि पुन्हा झाकले. बाजारात पोचायला उशीर झाला की गिऱ्हाईक निम्म्या भावात मागते, एवढेच त्या म्हणाल्या.

गाडी आलीच नाही. पावणेसातला एक टेम्पो थांबला, त्यात मुली आणि गवंडी गेले. आक्काला टेम्पोत चढवणे शक्य नव्हते. शेवटी फोन करून वडगावहून रिक्षा मागवली. नाथ पै सर्कलपर्यंत ठीक आलो, पुढे शाळेच्या गाड्यांच्या गर्दीत अडकलो आणि दवाखान्यात पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. चार तासांच्या डायलिसिसऐवजी तिला पावणेतीन तास मिळाले. पुढच्या पाळीचा पेशंट बाहेर बसलेला असतो, मशीन सोडावेच लागते. त्या नर्सबाईंचा यात काडीचाही दोष नाही, उलट त्यांनी दहा मिनिटे जास्तच दिली. पण अंगातले पाणी पुरते निघाले नाही. त्या रात्री आक्काला आडवे झाले की दम लागत होता. पाठीशी तीन उशा लावून ती बसूनच झोपली आणि मी तिच्या सुजलेल्या पावलांकडे बघत जागा होतो.

दुसऱ्या दिवशी मी चौकशीला गेलो. कोणत्या कार्यालयात ते लिहीत नाही. तिथल्या माणसांनी मला नीट वागवले आणि एका व्यक्तीची किंवा एका कार्यालयाची तक्रार करण्यासाठी हे पत्र नाही. तिथे एक तरुण कर्मचारी होता. मी वार आणि वेळ सांगितली. त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला, तारीख घातली आणि मला नकाशा दाखवला. नकाशावर आमची गाडी म्हणजे एक ठिपका. सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांपासून सव्वासातपर्यंत तो ठिपका जागचा हललेला नव्हता. "गाडी बिघडली होती सर, डेपोतच होती," तो म्हणाला.

म्हणजे आम्ही थांब्यावर उभे होतो त्या प्रत्येक मिनिटाला, आमची गाडी येणार नाही हे एका यंत्राला माहीत होते. सहा वाजता आम्हाला ते कळले असते तर सव्वासहाला रिक्षा आली असती आणि सात वाजता आक्का खाटेवर असती. त्या ठिपक्याने माझी झोप उडवली आहे.

मी एकतीस वर्षे आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवले. म्हणून हे यंत्र काय आहे ते थोडे सांगतो. आपल्या देशात १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंद होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ठिकाण कळवणारे यंत्र आणि धोक्याच्या वेळी दाबायचे बटण बसवणे बंधनकारक आहे. यासाठीचे मानक एआयएस १४० या नावाने ओळखले जाते. गाडीतली लहानशी डबी उपग्रहांकडून आपले अक्षांश-रेखांश काढते आणि मोबाईलच्या सिमवरून काही सेकंदांच्या अंतराने ते मुख्य संगणकाकडे धाडते. पुढचे गणित तर सातवीच्या मुलाला जमावे असे आहे. गाडी अमुक थांब्यावर आहे, तिथून आपल्या थांब्यापर्यंत यायला मागच्या तीन-चार गाड्यांना किती वेळ लागला, त्यावरून ही गाडी किती मिनिटांत येईल. पाऊस असो, मिरवणूक असो, रस्ता खणलेला असो, मागच्या गाड्यांना झालेला उशीर हिशेबात आपोआप येतो. अवघड भाग उपग्रहाचा होता आणि तो कधीच झाला आहे. राहिला आहे तो पडद्यावरचा ठिपका थांब्यापर्यंत आणण्याचा भाग.

हे आपल्या कर्नाटक राज्यात पहिल्यांदा मागतोय असेही नाही. म्हैसूरमध्ये २०१२ सालीच शहर बससाठी अशी व्यवस्था सुरू झाली. सुमारे ५०० बसगाड्यांत यंत्रे बसली, थांब्यांवर येणाऱ्या गाडीची वेळ सांगणारे फलक लागले, गाडीत पुढच्या थांब्याचे नाव पुकारले जाऊ लागले. आपल्याच शेजारी हुबळी-धारवाडमध्ये ऑक्टोबर २०१८ पासून 'चिगरी' बस धावते आहे. सुमारे बावीस किलोमीटरचा मार्ग, मधोमध स्वतंत्र लेन, थांब्यावर आत गेले की गाडीची वेळ दाखवणारा फलक, तिकीट गाडीत चढण्याआधीच. त्या प्रकल्पावर टीका झाली, बाकीच्या वाहनांना रस्ता कमी पडतो अशी तक्रार आहे आणि ती खोटी नाही. आपल्या खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत स्वतंत्र लेन काढायला जागा कुठून आणणार? मला त्यातली लेन नको आहे. फलक हवा आहे.

घरच्या फोनवर मला राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आत्ता कुठल्या स्टेशनात आहे ते दिसते, बंगळूरहून निघाल्यापासून मिरजेपर्यंत. पण आठ-दहा किलोमीटरवरून यायची बस कुठे आहे हे कळायला मला रस्त्याच्या कडेला जाऊन मान लांब करून बघावे लागते. आमच्या थांब्यावरून वळण दिसते. वळणावर उजेड दिसला की सगळे उठून उभे राहतात, मग दुधाची गाडी निघते आणि सगळे पुन्हा बसतात. वर्षानुवर्षे हेच चालले आहे.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. चौकात हेल्मेटशिवाय कुणी गेला तर कॅमेरा त्याची नंबर प्लेट वाचतो, मालकाचे नाव शोधतो आणि दंडाची सूचना फोनवर येते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७अ हा नियम आला, त्यात ही सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठवावी असे बंधन आहे. मला हा नियम मान्य आहे. माझ्या दोन विद्यार्थ्यांचे प्राण हेल्मेट नसल्यामुळे गेले आहेत, दंड झालाच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच की, चुकलेल्या माणसाला शोधून काढण्याइतके यंत्र हुशार झाले आहे, तर मग ताटकळलेल्या माणसासाठी त्याची हुशारी का वापरायची नाही? दंडाच्या सूचनेची मुदत नियमात लिहिता येते, तर गाडी रद्द झाल्याची सूचना किती मिनिटांत द्यायची हेही कुठे तरी लिहिता येईल.

११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या महिलांना साध्या बसमध्ये मोफत प्रवास मिळाला. आमच्या भागात या योजनेने काय झाले ते मी डोळ्यांनी बघितले आहे. घरकामाला जाणाऱ्या बायका आधी दोन-दोन किलोमीटर चालत होत्या, त्या आता बसने जातात. माहेरी जाणे वाढले, देवाला जाणे वाढले, दवाखान्यात वेळेवर जाणे वाढले. गाड्यांना गर्दीही तेवढीच वाढली. यात एक सोन्यासारखी माहिती रोज तयार होते आणि तिच्याकडे कुणी त्या नजरेने बघत असेल असे वाटत नाही. प्रत्येक महिलेला कंडक्टर शून्य रुपयांचे तिकीट देतो. त्या तिकिटावर चढण्याचा टप्पा, उतरण्याचा टप्पा आणि वेळ असते आणि तिकिटाच्या मशीनमध्ये ती नोंद राहते. सकाळी सहा ते आठ या वेळात कुठल्या थांब्यावर किती बायका चढतात आणि कुठे उतरतात, हे सर्वेक्षण न करता, एक पैसा न खर्चता हातात आहे. मच्छे, देसूरकडून कारखान्यात जाणाऱ्यांसाठी गाडी किती वाजता हवी, कडोलीहून बाजाराला येणाऱ्यांसाठी किती वाजता हवी, हे त्या नोंदीतून आपोआप दिसेल. वेळापत्रक वर्षानुवर्षे तेच राहते आणि माणसांचे दिवस मात्र बदललेले असतात. वर्षातून दोनदा तरी या नोंदी काढून वेळापत्रक त्यांच्याशी ताडून बघावे. कुणाचे नाव, कुणाचा आधार क्रमांक बघण्याची त्यासाठी गरज नाही, टप्पे आणि वेळा पुरतात.

सिग्नलबद्दलही लिहायला हवे, कारण गाडी वेळेवर निघाली तरी शहरात येऊन अडकतेच.

निवृत्तीनंतर मी माझे जुने स्टॉपवॉच घेऊन शहरातल्या एका चौकात पाच दिवस सकाळी अर्धा-अर्धा तास उभा राहिलो. बाजूच्या चहावाल्याला पहिल्या दिवशी मी साध्या वेशातला पोलीस वाटलो, तिसऱ्या दिवसापासून तो मला न विचारता स्टूल देऊ लागला. तिथे एका बाजूला बारीक रस्ता आहे, त्याच्यासाठी हिरवा दिवा चाळीस सेकंद राहतो. त्या चाळीस सेकंदांत कधी पाच, कधी सात वाहने जायची. पहिल्या बारा-पंधरा सेकंदांत ती निघून गेली की उरलेला वेळ हिरवा दिवा मोकळ्या डांबराला. समोरच्या मोठ्या रस्त्यावर तोवर बस, टेम्पो, शाळेच्या रिक्षा आणि शंभरएक दुचाक्या इंजिन चालू ठेवून उभ्या. एका बसमध्ये पन्नास-साठ माणसे असतात, ती सगळी त्या सात वाहनांसाठी थांबलेली.

यात सिग्नलचा दोष नाही, त्याला डोळेच दिलेले नाहीत. त्याला कुणी एकदा वेळा भरून दिल्या, तो त्या वेळा पाळतो, पहाटे चारलाही आणि शनिवारच्या बाजारालाही. आता दोन प्रकारे त्याला डोळे देता येतात. एक, रस्त्यात डांबराखाली तारेचे वेटोळे पुरायचे. वरून लोखंडी वाहन गेले की विजेत बदल होतो आणि वाहन मोजले जाते. दुसरा, खांबावर कॅमेरा किंवा रडार. वेटोळे आपल्याकडे टिकणार नाही असे माझे स्पष्ट मत आहे. पाण्याच्या पाईपसाठी, गॅससाठी, केबलसाठी रस्ता सतत खणला जातो, पहिल्याच चरीत तार तुटेल. शिवाय परदेशातली गणिते एका लेनमध्ये एकामागे एक मोटार असे धरून चालतात. आपल्याकडे एका मोटारीच्या दोन्ही अंगांनी चार दुचाक्या पुढे येऊन झेब्रा पट्ट्यावर थांबतात. अशा मिसळलेल्या वाहतुकीसाठीच तिरुवनंतपुरमच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने देशी पद्धत तयार केली आहे आणि बंगळूरमध्ये असे गर्दी मोजून वेळ बदलणारे सिग्नल बसले आहेत. आपल्याला नव्याने शोध लावायचा नाही.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगून ठेवतो, नाही तर उद्या असे सिग्नल आले की ओरड होईल. सिग्नलवर उलटे आकडे मोजणारा जो डबा असतो, तो या पद्धतीत नीट चालत नाही. समोर गर्दी किती आहे त्यावर हिरवा दिवा दर वेळी लांबतो किंवा आखडतो, मग आधीच आकडा कसा दाखवणार? लोकांना आकड्याची सवय झाली आहे. शेवटचे पाच आकडे राहिले की गिअर टाकून निघायचे, हे आपण सगळेच करतो, मीही करत आलो. ती सवय सोडावी लागेल.

आणि सगळीकडे महागडा सिग्नल बसवण्याआधी साधे काम करावे. दर तीन महिन्यांनी कुणी तरी चौकात उभे राहून वाहने मोजावीत आणि सिग्नलच्या वेळा त्यानुसार बदलाव्यात. सकाळसाठी वेगळ्या, दुपारसाठी वेगळ्या, शनिवारसाठी वेगळ्या. बहुतेक सिग्नलच्या पेटीत ही सोय आधीपासूनच असते. आपल्या शहरात इतकी पॉलिटेक्निक, इंजिनिअरिंग कॉलेजे आहेत, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालयच इथे आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प म्हणून हे काम द्या. मुले आनंदाने करतील, मी माझ्या मुलांकडून असली कामे करून घेतलेली आहेत.

टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटचेच बघा. गाडी यायच्या आधी गेट पडते आणि दोन्ही बाजूंना रांग लागते. सिग्नलला जोडलेल्या गेटमध्ये, गेट बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय रेल्वेला हिरवा दिवा मिळत नाही. म्हणजे गेट पडणार हे काही मिनिटे आधीच ठरलेले असते. ती खूण मागच्या चौकातल्या एका फलकापर्यंत तारेने आणली, 'गेट बंद आहे' एवढी तीन शब्दांची पाटी पेटली, तर निम्मी वाहने अलीकडेच उड्डाणपुलाकडे वळतील. रुग्णवाहिकेला तर ते आधी कळायलाच हवे. गेटच्या रांगेत सायरन वाजवत उभी असलेली रुग्णवाहिका मी पाहिली आहे. मागेही सरकता येत नाही, पुढेही जाता येत नाही. आत कुणाचे तरी माणूस असते.

आता आपल्या सीमाभागाचे जे खास दुखणे आहे त्याकडे येतो.

वेंगुर्ला रस्त्यावर हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची असे करत माणूस शिनोळीला पोचला की राज्य बदलते. रस्ता तोच राहतो, माणसे तीच राहतात, सोयरिकीही त्याच. चंदगड तालुक्यातली माणसे बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला बेळगावला येतात. त्या रस्त्यावर दोन राज्यांच्या गाड्या धावतात. सवलतीही दोन. कर्नाटकात राहणाऱ्या महिलेला कर्नाटकच्या साध्या बसमध्ये मोफत, महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. फाट्यावर उभ्या असलेल्या बाईला पुढची गाडी कुणाची, ती किती वेळात येणार आणि आपल्याला कुठली परवडणार, हे सगळे अंदाजाने ठरवावे लागते. एका राज्याच्या फोनवरच्या सोयीत दुसऱ्या राज्याची गाडी दिसत नाही.

आणि दोन राज्यांत भाषेवरून ताण वाढला की पहिल्यांदा थांबते ती आंतरराज्य बस. ती कधी थांबली आणि कधी सुरू झाली हे स्टँडवर जाऊन पिशव्या खाली ठेवल्यावर कळते. कुणाचे बारसे असते, कुणाची परीक्षा असते. त्या वादात मला इथे पडायचे नाही. पण गाडी बंद आहे, एवढे तरी घरातून निघण्याआधी कळावे, ही मागणी कुठल्याही भाषेच्या माणसाला पटेल.

यावर उपाय आहे आणि तो फुकट म्हणावा इतका स्वस्त आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात २००५ च्या सुमारास बसचे थांबे, मार्ग आणि वेळा एका ठरावीक साच्यात लिहिण्याची पद्धत निघाली. आज जगभरातल्या हजारो वाहतूक संस्था त्याच साच्यात आपली माहिती देतात. दोन संस्थांनी एकाच साच्यात माहिती खुली केली की कुठल्याही नकाशावर दोघांच्या गाड्या शेजारी-शेजारी दिसतात. त्यासाठी दोन सरकारांनी एकत्र बसून करार करायलाही नको. दिल्लीत २०१८ पासून बसच्या थेट ठिकाणाची माहिती अशी लोकांसाठी खुली आहे. बेळगाव आणि चंदगड या दोन आगारांपुरती जरी ही सुरुवात झाली तरी शिनोळीच्या फाट्यावरचा माणूस आशीर्वाद देईल.

भाषेबद्दल लिहिताना मी शब्द जपून वापरतो. मी कन्नड बोलतो, वाचतो, माझ्या वर्गात निम्मी मुले कन्नड होती आणि त्यांतली कितीतरी आजही दसऱ्याला घरी येतात. बसच्या पाटीवर कन्नड पहिले असावे, मोठे असावे, याला माझा कसलाही आक्षेप नाही. पण माझी बहीण मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली. तिला पाटी वाचता येत नाही. थांब्यावरच्या मावशींना येत नाही. त्या ड्रायव्हरचा चेहरा बघून, गाडीच्या काचेवरचा हार बघून, नाहीतर आम्हाला विचारून गाडी ओळखतात. रंगवलेल्या पाटीवर जागा कमी असते, हे मी समजू शकतो. इलेक्ट्रॉनिक फलकाला ती अडचण नाही. चार सेकंद कन्नड, चार सेकंद मराठी, चार सेकंद इंग्रजी. अक्षरे बदलायला शाई लागत नाही, रंगारी लागत नाही. गाडीत पुकारा होतो त्याचेही तसेच. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या देशपातळीवरच्या तरतुदींत मान्य झालेले तत्त्व आहे. गाडी येणार नाही, यापेक्षा महत्त्वाची सूचना रोज बसने जाणाऱ्या बाईसाठी दुसरी कुठली?

आणि कृपा करून सगळे फोनच्या ॲपवर ढकलू नका. आमच्या थांब्यावरच्या त्या दिवशीच्या सातआठ जणांत चांगला फोन तिघांकडेच होता. प्रत्येक थांब्याला एक क्रमांक द्या, तो खांबावर ठळक लिहा. त्या क्रमांकाने साधा मेसेज पाठवला की पुढच्या दोन गाड्यांची वेळ मेसेजने परत यावी. चाव्यांचा फोन असलेल्या माणसालाही ते जमते. मोठे फलक सगळ्या खेड्यांत लावायला पैसे नसतील तर मोठ्या फाट्यांवर लावा, बाकी ठिकाणी मेसेज पुरे.

शेवटी देखभाल. यावर मी मुलांना तासच्या तास शिकवायचो आणि मुले कंटाळायची. बेळगावची निवड जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत झाली. कॅमेरे, फलक, सगळ्यावर नजर ठेवणारे नियंत्रण केंद्र ही कामे झाली. ३१ मार्च २०२५ ला त्या मिशनची मुदत संपली. यंत्राला मुदत कळत नाही, त्याला धूळ कळते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कसा झोडपतो ते सांगायला नको. कॅमेऱ्याच्या काचेवर बुरशी धरते, पेटीत पाणी शिरून टर्मिनल हिरवे पडते, बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते. फलकाचे एक कार्ड जळले की फलक अर्धा पेटतो आणि अर्धा पेटलेला फलक न पेटलेल्या फलकापेक्षा वाईट, कारण माणूस त्यावर विश्वास ठेवून चुकीच्या गाडीत बसतो. म्हणून निविदेत यंत्राच्या किमतीइतकेच ठळक अक्षरांत लिहा की बंद पडल्यावर किती तासांत दुरुस्ती, सुटे भाग कुठे ठेवलेले, आणि काम न झाल्यास किती कपात. आपल्या आयटीआयतून दरवर्षी इलेक्ट्रॉनिक्सची मुले बाहेर पडतात आणि कामासाठी पुणे-बंगळूर गाठतात. या फलकांची दुरुस्ती त्यांतल्या पाचदहा जणांना इथेच काम देईल. यंत्राची निगा राखणारा माणूस जवळ राहत असेल तर यंत्र जगते, हे मी एकतीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

ज्यांच्या हातात हे आहे त्यांना माझी विनंती एका मार्गापासून सुरू करण्याची आहे. कुठलाही एक मार्ग घ्या, त्यातल्या गाड्यांचा तो ठिपका थांब्यांपर्यंत आणून दाखवा. तीन महिने चालवा. चुका होतील, लोक सांगतील, त्या दुरुस्त करा, मग दुसरा मार्ग घ्या.

माझ्याकडून जे होईल ते मी करून ठेवले आहे. आमच्या मार्गावरच्या मध्यवर्ती बसस्थानकापर्यंतच्या सगळ्या थांब्यांची नावे मी वहीत उतरवली आहेत, कन्नडात आणि मराठीत, लोक जशी म्हणतात तशी. कारण थांब्याचे कागदावरचे नाव एक असते आणि माणसे त्याला वडाचा थांबा म्हणतात, गिरणीचा थांबा म्हणतात. फलकावर लोकांचे नाव आले नाही तर आक्कासारखीला ते वाचून घेतले तरी कळणार नाही. कन्नड नावे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने तपासून दिली आहेत. ही यादी ज्या कार्यालयाला हवी असेल त्यांनी आपल्या वृत्तपत्रामार्फत कळवावे, मी स्वतः आणून देईन. मोबदला नको. फक्त मंगळवार आणि शुक्रवार सोडून बोलवावे.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक
येळ्ळूर रस्ता, बेळगाव